पंचक सुटायच्या आधी

आमच्या घरात कॅलेंडर वाचायचं काम माझ्याकडे होतं. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, मीठ-मसाल्याच्या फळीखाली ते टांगलेलं असायचं. फोडणीच्या वाफेने त्याचा एक कोपरा कायम तेलकट. तारखेच्या चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरांत तिथी, नक्षत्र, चंद्राची रास वगैरे लिहिलेलं असतं, ते माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, दिसत नसे. बाबांना दिसायचं, पण ते बघायचे नाहीत. आईचे हात नेहमी ओले. म्हणून मग मी. अक्षरं जुळवून वाचता यायला लागली तेव्हापासून आबा सकाळी चहाचा कप खाली ठेवून विचारायचे, "आज काय हाय गं पोरी?" आणि मी उभी राहून, शाळेत धडा वाचतात तशी वाचून दाखवायची.

आबांचा दिवस त्या चौकोनावर चालायचा. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, म्हणून धार लावून आणलेला विळा रविवारपर्यंत गोठ्यात थांबायचा. अमावास्येला नव्या कामाला हात लावायचा नाही. बारावीनंतर मी कर्जतच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घालायचं ठरवलं, तेव्हा शेवटची तारीख नेमकी अमावास्येची होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे आबांना फार काळजी. म्हणाले, "आदल्या दिवशी जा." आदल्या दिवशी गेले तर कॉम्प्युटर बंद पडलेला. मग अमावास्येलाच जावं लागलं. निघताना आबांनी माझ्या हातावर दहीसाखर ठेवली. मी ओट्यावरून उतरले तर परत हाक मारली आणि पुन्हा एकदा ठेवली.

बाबा खोपोलीजवळच्या एका कारखान्यात कामाला आहेत. ते आबांची थट्टा करायचे. "कंपनीची शिफ्ट अमावास्या बघत नाय, आबा."

"नाय ना बघत? म्हणून तं तिथं लोकांची बोटं तुटतात," आबा म्हणायचे.

तरी बाबा दर शनिवारी मोटरसायकलला लिंबू-मिरची बांधायचे. आबा ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. आमच्याकडे विश्वास असा अर्धा अर्धा वाटून घेतलेला होता. कुणालाच पूर्ण उचलावा लागत नव्हता.

आमचं घर नवं आहे. पूर्वी कारवीच्या कुडाचं होतं, तिथेच बाबांनी विटांचं, स्लॅबचं घर बांधलं. बांधून झालं तेव्हा अधिक महिना होता, अधिकात वास्तुशांत करत नाहीत. तो संपून आषाढ लागेपर्यंत चातुर्मास आला. घर समोर तयार उभं, आणि आम्ही सगळा पावसाळा शेजारच्या गोठ्यात राहिलो. बाबा चिडून म्हणायचे, "घर आपलं नवं, नि आपण म्हशीचे भाडेकरू." आबा शांतपणे सांगायचे, "राहायचं जलमभर हाय. चार महिन्यांनी काय होतं?" शेवटी मुहूर्त आला, आबांनी उंबरठ्यावर नारळ फोडला. मग मागच्या दिवाळीत बाहेरच्या खोलीला लादी बसवली. आबा तिच्यावरून अनवाणी फिरायचे आणि म्हणायचे, "पायाला गार लागतंय. बरं लागतंय."

हे सगळं आधी सांगावं लागतंय, कारण पुढचं त्या घराबद्दलच आहे. मला ते नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

गेल्या माघात आबा पडले. उन्हाळी भाताची लावणी चालू होती. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्याने आमच्या शिवारात येतं आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. आपल्या पाळीचं पाणी आपल्याच शेतात पडतंय ना, हे बघायला आबा या वयातही स्वतः जायचे. त्या दिवशी बांधावर बसले ते त्यांना उठता आलं नाही. बाबा आणि शेजारचा एक जण त्यांना उचलून घेऊन आले. कर्जतच्या दवाखान्यात काही दिवस ठेवलं. मग डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, जे मागतील ते द्या.

आबांची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी टाकली. खोपोलीला शिळफाट्यावर राहणारी माझी आत्या आली. आबांची ती एकुलती मुलगी. माणसं येऊन बघून जाऊ लागली. शेजारची एक म्हातारी, जिला सगळी आळी काकू म्हणते, आली, आबांच्या तळव्यांना हात लावून बसली आणि जरा वेळाने आईला म्हणाली, "पाय गार पडायला लागलेत. पंचक कधी लागतंय ते बघून ठेवा गं."

आईच्या हातातला पेला तसाच राहिला.

चंद्र कुंभेत आणि मीनेत असतो त्या पाच दिवसांना पंचक म्हणतात. दर महिन्याला ते येतं. त्या दिवसांत लाकूडफाटा आणत नाहीत, खाट विणत नाहीत. आणि कुणी गेलं तर ते माणूस एकटं जात नाही, आणखी पाच जणांना ओढून नेतं असं मानतात. म्हणून आमच्याकडे अशा घराला काही महिने कुलूप लावतात. आत चूल नाही, दिवा नाही, माणूस नाही. आमच्या आळीतल्या एका घराने फार वर्षांपूर्वी कुलूप लावलं नव्हतं. त्यानंतर त्यांच्यातलं कोण कोण गेलं ते गावात कुणीही सांगेल. एक सून, एक दीर, चौक गावाजवळ हायवेवर गेलेला मावसभाऊ, एवढ्यावर भागेना तेव्हा त्यांचा बैलही धरला. पाच भरेपर्यंत गाव मोजत राहिलं. मोजायलाच बसलं तर पाच भरणारच, हे मला लहानपणीसुद्धा वाटायचं. पण मोठ्यांत ते कोण बोलणार?

"बघ गं," आत्या मला म्हणाली.

मी कॅलेंडरापाशी गेले. सगळे माझ्या पाठीकडे बघत होते ते मला कळत होतं.

"परवा सकाळी लागतंय," मी म्हणाले.

आबा डोळे मिटून पडले होते, आम्हाला वाटत होतं झोपलेत. तसेच डोळे मिटलेले ठेवून त्यांनी विचारलं, "परवा सकाळी किती वाजता?"

त्यानंतर आबांनी तोंड मिटलं. आई पेज घेऊन आली तर मान वळवली. पाणी ओठांना लावलं तर ते हनुवटीवरून ओघळू दिलं. बाबा शिफ्टवरून आले, कपडेही न बदलता खाटेपाशी बसले.

"आबा, तोंड उघडा. लहान पोरासारखं काय चाललंय?"

"नको रं. पोटात गेलं का जीव अडकून राहतो. मला परवाच्या आत मोकळं व्हायचंय."

"एवढी घाई कसली?"

"घर बंद पडंल तुझं. आत्ता तं लादी बसवलीस." जरा दम घेऊन म्हणाले, "नि परत गोठ्यात गेलास तं म्हस भायेर काढंल तुला."

आत्या हसली आणि हसता हसता तिने पदर तोंडात कोंबला.

पाळी संपायच्या आत आपलं शेत भिजवून घ्यायला आबा जसे घाई करायचे तशीच ही घाई होती. मधेमधे डोळे उघडून मला विचारायचे, "अजून वेळ हाय ना?" मी हो म्हणायची. मग पुन्हा मिटून घ्यायचे, कामाला लागल्यासारखे. पण मरण काही पाण्यासारखं दार उघडलं की येत नाही. त्यांचा श्वास चालू राहिला. चांगला संथ चालू राहिला.

आणि आमचंही काहीतरी बदललं. आधी प्रत्येक जण आत आला की आबांची छाती वरखाली होते ना ते बघायचा, होत असली की त्याचा चेहरा सैल व्हायचा. आता तसं होईना. काकू दारातून विचारायची, "हाय का अजून?" आणि आई खाली मान घालून म्हणायची, "हायत." आत्याने तुळशीचं पान आणि गंगाजळाची बाटली खाटेच्या उशाशी आणून ठेवली. कुणीही तोंडाने काही बोललं नाही. पण ज्या माणसाने आम्हाला खांद्यावर घेतलं होतं, त्याच्याकडून आमच्या घराला एक गोष्ट हवी होती, आणि ती वेळेत हवी होती.

पंचक लागलं त्या सकाळी कुणी मला विचारलं नाही. आबांनीच विचारलं.

"लागलं का गं?"

"लागलं, आबा."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मग पेज आन."

आई धावलीच. त्या क्षणापासून सगळं उलटं झालं. आता आबांनी पाच दिवस जायचं नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत ज्या घरात चमचा वाजत नव्हता तिथे पेज, नारळपाणी, मोसंबीचा रस, ग्लुकोज सुरू झालं. बाबा कर्जतहून सलाईन लावणाऱ्याला घेऊन आले. बाटली लटकवायला खिडकीच्या गजाला सुतळी बांधली. दुपारी तर घरात थोडा आनंदसुद्धा होता, असं मला आठवतं. आत्या त्यांना कुशीवर वळवताना म्हणाली, "आबा, आता पाच दिस हलायचं नाय हां."

"मी कुठं हलतोय? तुमीच हलवताय," आबा म्हणाले.

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवसापासून आबांना त्रास व्हायला लागला. श्वास आत जाताना घशात काहीतरी घासल्यासारखा आवाज यायचा. पाठीला झालेल्या जखमा फुटल्या. ते कण्हायचे नाहीत, दात आवळून धरायचे, आणि दात नव्हतेच फारसे, तर हिरड्या आवळायचे. एखाद्याच्या डोक्यावर भाताची गोण द्यावी आणि उतरवायला कुणी नसावं, तसे ते त्या खाटेवर उभे होते असं मला वाटायचं. झोपलेला माणूस उभा कसा असेल, पण मला तसंच वाटायचं.

"आज काय हाय गं?"

"पूर्वाभाद्रपदा."

"मग लांब हाय अजून." आणि पुन्हा हिरड्या आवळायच्या.

बाबांनी रजा टाकली होती. आबांच्या जखमा ते स्वतः पुसायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पुसून झालं की बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकवून उभे राहायचे. आई मला म्हणायची, "जाऊ नको तिकडं. राहू दे त्यांना."

रेवती लागली त्या दुपारी, म्हणजे पंचकाचं शेवटचं नक्षत्र, आबांचा श्वास फारच अडायला लागला. प्रत्येक श्वासाला मान उशीवरून उचलली जायची. आई आणि आत्या मागे धुणं वाळत घालत होत्या. मी पेजेची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होते. कॅलेंडर माझ्या खांद्याला लागून होतं, आणि पंचक सुटायला पुरता एक दिवस बाकी होता हे मला ठाऊक होतं. बाबा लादीवर बसले, तोंड आबांच्या कानापाशी नेलं आणि म्हणाले, "आबा, सुटलं पंचक."

आबांनी डोळे उघडले. "कुणी बघितलं? पोरीनं?"

"नाय. मी बघितलं."

"तू?"

"मीच. कॅलेंडरात बघितलं."

आबांच्या ओठांचा एक कोपरा हलला. इतकी वर्षं ज्याने थट्टा केली त्या मुलाने शेवटी कॅलेंडर बघितलं, याचं ते हसू होतं. "बघितलंस का शेवटी," ते म्हणाले. मग म्हणाले, "च्या दे जरासा."

चहा मीच केला. बाबांनी चमच्याने पाजला, थोडासाच गेला. आबांनी बाबांच्या मनगटावर हात ठेवला. "दार सताड उघड रं. वारा येऊ दे."

बाबांनी दार उघडलं. उन्हं उतरायच्या आत आबा गेले. हिरड्या आवळलेल्या नव्हत्या. चेहरा अगदी मोकळा होता, लादीवर अनवाणी फिरताना असायचा तसा.

गुरुजींना फोन लावला. त्यांनी आधी वेळ विचारली आणि पंचांग बघून हळहळून म्हणाले, "अरेरे, रेवती आहे. उद्या सुटलं असतं हो." बाबा फोन कानाला धरून उभे होते. त्यांनी नुसतं "हो" म्हटलं.

पंचकात गेलेल्या माणसाबरोबर कणकेचे पाच पुतळे देतात. आणखी पाच जण जायचे ते हेच, असं समजून. आमच्या घरात भात आणि तांदळाची भाकरी, गव्हाचं पीठ सणासुदीलाच. दुकानातून पाकीट आणलं. आईने परातीत कणीक मळली आणि पुतळे करायला बसली. डोकं, धड, पाय. मग प्रत्येकाला ती चिमटीने हात काढायला लागली.

"वयनी, बाहुल्या नाय करायच्यात. नुसता आकार कर," आत्या म्हणाली.

"हात नको का त्यांना?" आई म्हणाली आणि रडायला लागली. आबा गेल्यापासून ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

ते हात असलेले पुतळे आबांच्या अंगावर ठेवून त्यांना नेलं.

गुरुजी तसे समजूतदार होते. विधी झाल्यावर ओट्यावर बसून त्यांनी बाबांना सांगितलं, "शास्त्रात शांत सांगितली आहे, ती आपण केली. घर सोडायचं म्हणाल तर ते धनिष्ठेला, पंचकाच्या पहिल्या नक्षत्राला, मुख्य. बाकी ज्याची त्याची रीत." काकू म्हणाली पाच महिने. दुसऱ्या कुणीतरी सहा सांगितले. सगळे बाबांकडे बघत होते. मला वाटलं, बाबा आता हसतील. म्हणतील, कंपनी पंचक बघत नाय. आईलाही तसंच वाटलं असणार, कारण ती उठून चुलीकडे निघाली होती.

बाबा आत गेले आणि कुलूप शोधायला लागले.

तेराव्यानंतर आम्ही सामान काढलं. लागणारं तेवढंच. कॅलेंडर तसंच भिंतीवर राहिलं. बाबा गोठ्यात राहणार होते, म्हशीला बघायला कुणीतरी हवंच. मला आणि आईला शिळफाट्याला आत्याकडे जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी बाबांना शोधत कालव्यावर गेले. ते आबा बसायचे त्या बांधावर बसले होते. मी फार दिवस मनात जुळवलेलं एकदम बोलून टाकलं. चंद्र दर महिन्याला त्याच वाटेने जातो, तो कुंभेत असला की मीनेत, आपल्याला दिसायला तो त्या ताऱ्यांसमोर असतो इतकंच. त्या दिवसांत जगभर माणसं मरतात, जन्मतात. कर्जतच्या दवाखान्यात दर पंचकात कुणी ना कुणी जात असेल, मग दवाखान्याला कुणी कुलूप लावतं का?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या शिक्षणाचा त्यांना अभिमान आहे, ते मधे बोलत नाहीत. मग म्हणाले, "दवाखाना कुणाचं घर नसतं."

पाणी वाहत होतं. त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तू दारात होतीस ना?"

"होते."

"ते थांबले होते गं. एक दिस राहिला होता. थांबले असते. मी खोटं सांगून त्यांना पाठवलं."

"बाबा, त्यांना किती त्रास होत होता."

"होत होता. पन ते आपल्यासाठी सोसत होते, नि मला ते बघवलं नाय. बघवलं नाय ते मला. त्यांना नाय." मग म्हणाले, "आता तुला नि तुझ्या आईला काय झालं तं मी कुनाला सांगू, चंद्र आपल्या वाटेनं जातो म्हणून?"

जे मी शिकले ते बरोबर आहे, तरी ते त्या बांधावर कुठेच टेकेना.

आत्याचं घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. खाली बाजार, पलीकडे हायवे, दिवसभर टेंपोचे हॉर्न. तिथून मी एसटीने कर्जतला कॉलेजात जाते. आईला धुळीने खोकला लागला. घरी असती तर गूळ-आलं घेऊन विसरली असती. इथे तिने खोकला दाबायला सुरुवात केली. बाबा रविवारी यायचे आणि दारात चप्पल काढतानाच तिच्या छातीकडे बघायचे, म्हणून. चैत्रात म्हशीचं रेडकू गेलं. बाबांनी फोनवर सांगितलं आणि शेवटी हळूच म्हणाले, "एक." मला आधी कळलंच नाही. मग मुंबईतले आईचे एक लांबचे मामा गेले, खूप म्हातारे होते, बाबांची आणि त्यांची कधी धड ओळखही नव्हती. बाबा म्हणाले, "दोन." गावाने जसं मोजलं होतं तसंच ते मोजत होते, फक्त गाव दुसऱ्याचं मोजत होतं.

ते तीनवर थांबले आहेत. तिसरं कोण ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आषाढात पाच महिने भरले. आईने आठ दिवस आधीच बोचकी बांधली होती. मी एकटीने एकदा घराकडे जाऊन आले. ओट्यावर शेवाळ धरलं होतं. खिडकीच्या गजाला सलाईनची सुतळी तशीच होती. काचेला डोळा लावला तर आत लादी दिसली, धुळीने मातकट झालेली. गुरुजींना उघडायचा दिवस विचारला. ते म्हणाले, इतके दिवस बंद होतं, तर आधी शांत करून मग प्रवेश करावा, पण आता चातुर्मास लागला, कार्तिकात बघू. आई म्हणाली, "नुसतं दार उघडून आत गेलो तर?" बाबांनी मान हलवली. हा तोच माणूस, जो म्हशीचा भाडेकरू म्हणून चिडायचा. आता रागावण्याइतकंही त्याच्यात काही उरलेलं नाही. गोठ्यात एका बाजूला म्हैस, एका बाजूला त्याची खाट, आणि मधल्या खांबाला त्याने स्वतः आणून लावलेलं नवं कॅलेंडर. कॅलेंडर वाचायचं काम आता माझ्याकडे नाही.

मागच्या रविवारी मी आईने दिलेला डबा घेऊन गेले होते. बाबा जेवले, हात धुतले, म्हशीला पाणी दाखवलं. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलंय असं कारखान्याच्या तपासणीत निघालं, ते त्यांनी त्या दिवशी मला सांगितलं, आईला सांगू नको म्हणाले. मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घ्या. ते हो म्हणाले. मग कॅलेंडराकडे बघत, जणू वार विचारतायत तसं म्हणाले, "मला कधी काय झालं तं घरी आनू नका. दवाखान्यातच राहू द्या."

"बाबा, असं काय बोलता?"

"ऐक. नि मी विचारलं, पंचक हाय का, तं खरं सांग मला. मी कितीही तडफडत असलो तरी खरंच सांग."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कॉलेजात शिकते, मला आकडे पाठ होतात, सूत्रं पाठ होतात. मी रिकामा डबा पिशवीत घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. त्यांना हो म्हणेपर्यंत ते नजर हलवणार नव्हते.